मुंबई मॅरेथॉनचा रविवार : आधी लोकलचं गणित, मग धाव

मुंबई मॅरेथॉनसाठी लोक सहा-सहा महिने पळायचा सराव करतात आणि पहाटे चारला डोंबिवलीहून सीएसएमटीला कसं पोचायचं, हा विचार मात्र शनिवारी रात्री जेवताना करतात. बघायला येणाऱ्यांचं तर याहून अवघड. ‘मरीन ड्राइव्हला जाऊन उभं राहू’ एवढ्यावरच बेत ठरतो. मग टॅक्सी पेडर रोडच्या अलीकडेच सोडावी लागते, रस्ता ओलांडता येत नाही, आणि ज्याच्यासाठी आलो तो पंधरा मिनिटांपूर्वीच पुढे निघून गेलेला असतो. त्या दिवशी दक्षिण मुंबईत नकाशावरचं अंतर कामाला येत नाही. रस्त्याची कोणती बाजू कोणत्या वेळी बंद आहे आणि जवळचं स्टेशन कोणतं, एवढ्यावर सगळं ठरतं. पुढची आखणी त्याच हिशेबाने केली आहे.

कुठली शर्यत, कुठून सुटते

ही शर्यत २००४ पासून होते आहे आणि बहुतेक वर्षी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. ती सीएसएमटीसमोरून सुटते आणि त्याच परिसरात संपते. १० किलोमीटर आणि ५.९ किलोमीटरची ड्रीम रन यांचा कारभारही तिथलाच. अर्ध मॅरेथॉनची गोष्ट वेगळी. अलीकडच्या वर्षांत ती माहीमच्या रेती बंदराजवळून, कॉजवेच्या तोंडाशी सुटते आणि सीएसएमटीला संपते. दरवर्षी काहीजण ‘मॅरेथॉन म्हणजे व्हीटी’ अशा सवयीने पहाटे साडेचारला सीएसएमटीला उतरतात आणि तिथे कळतं की आपली सुरुवात पंधरा किलोमीटर मागे आहे. तेव्हा बिबवरचा (छातीवर लावायच्या नंबराच्या कागदावरचा) गट, सुरुवातीचं ठिकाण आणि गेट क्रमांक शनिवारी दुपारीच कागदावर लिहून काढा.

हौशी धावपटूंची पूर्ण आणि अर्ध मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास सुटते, १० किलोमीटर त्यानंतर तासाभराने. एलिट, म्हणजे अव्वल दर्जाचे धावपटू सातनंतर सुटतात आणि ड्रीम रनला आठ वाजून जातात. नेमकी मिनिटं आणि मार्ग दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून गेल्या वर्षीचा नकाशा व्हॉट्सअॅपवर आला तर तो उघडूही नका. त्या वर्षीच्या बिबसोबत मिळालेली माहितीपुस्तिका तेवढी प्रमाण.

नोंदणी साधारण पावसाळ्यात उघडते. अर्ध मॅरेथॉनच्या जागा सर्वांत आधी संपतात. अर्ज भरताना आधीच्या एखाद्या शर्यतीची वेळ विचारली तर ती खरी द्या. सुरुवातीचा गट त्यावरून ठरतो. फुगवलेली वेळ देऊन पुढच्या गटात शिरलेला माणूस पहिले तीन किलोमीटर सगळ्यांच्या पायात येतो आणि स्वतःही आपल्या पेसपेक्षा, म्हणजे नेहमीच्या वेगापेक्षा, जोरात पळून बसतो.

बाहेरगावचे : तिकीट आणि मुक्काम

लांब पल्ल्याच्या गाड्यांचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या शनिवार-रविवारसाठी नोव्हेंबरच्या मध्यावर जागं राहायचं. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला असते, त्यामुळे त्या आठवड्यात गाड्या एरवीपेक्षा भरलेल्या असतात. पुण्याहून येणाऱ्यांनी शुक्रवारची डेक्कन क्वीन धरली तर साडेदहाच्या सुमारास मुंबईत पाय पडतो आणि बिब त्याच दिवशी हातात येतो. कोल्हापूरकडच्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी आणून सोडते, पण रात्रभराच्या प्रवासानंतरची ती सकाळ शनिवारची नको, शुक्रवारची हवी. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप कुणालाच नीट लागत नाही. खरी झोप काढायची ती शुक्रवारी रात्री, आणि ती गाडीच्या बर्थवर गेली तर रविवारी पंचविसाव्या किलोमीटरला तिचा हिशेब होतो.

परतीचं तिकीट रविवारी दुपारी पाचच्या पुढचं काढा. संध्याकाळी पाचनंतर सुटणारी डेक्कन क्वीन पूर्ण मॅरेथॉनवाल्यालाही आरामात मिळते. दुपारी एकची बस किंवा विमान ठेवलं तर मात्र शेवटचे दहा किलोमीटर पायांकडे बघायचं सोडून घड्याळाकडे बघण्यात जातात.

मुक्कामाला पूर्ण मॅरेथॉन आणि १० किलोमीटरवाल्यांसाठी फोर्ट, चर्चगेट, मरीन लाइन्स किंवा गिरगाव उत्तम, कारण तिथून चालत सुरुवातीला पोचता येतं. या पट्ट्यात गाडीने पोचण्याचा विचारच करू नका, पहाटेपासून रस्ते बंद असतात. अर्ध मॅरेथॉनवाल्याने फोर्टमधलं महागडं हॉटेल घेऊन काही साधत नाही. त्याला माहीम, दादर, वांद्रे सोयीचं. नातेवाइकांकडे उतरत असाल तर घर चांगलं की वाईट यापेक्षा ते कुठल्या लाइनवर आहे ते बघा. माहीम पश्चिम रेल्वेवर, म्हणून मध्य रेल्वेवरचा मुलुंडचा मामा अर्ध मॅरेथॉनला गैरसोयीचा, बोरिवलीची मावशी सोयीची. आणि हो, त्या घरी शनिवारी रात्री पाहुणे म्हणून पंगत मांडू नका अशी आधीच विनंती करा.

बिब घेण्याचा दिवस

बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. तो वाटण्यासाठी गुरुवार ते शनिवार एक्स्पो, म्हणजे स्टॉलचं प्रदर्शन चालतं, आणि गेली काही वर्षं ते वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) भरतं. सोबत नोंदणीची पावती आणि मूळ फोटो ओळखपत्र लागतं. दुसऱ्या कुणाला पाठवायचं असेल तर त्याबद्दलची अट आधी वाचून अधिकारपत्र तयार ठेवा, दारात उभं राहून वाद घालून उपयोग होत नाही.

शनिवार टाळा. रांग मोठी असतेच, पण खरी झळ पायांना बसते. स्टॉल बघत सिमेंटच्या जमिनीवर तीन तास उभं राहिलं की दुसऱ्या दिवशीच्या पोटऱ्या आजच खर्च होतात. मेट्रो ३ ची अॅक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे आणि तिला बीकेसी स्टेशन आहे. दादरहून ते तिसरं स्टेशन. कुर्ला किंवा वांद्रे स्टेशनबाहेर शेअर रिक्षासाठी धक्के खाण्यापेक्षा हे बरं. भुयारात मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नका, तिकीट वरच काढून घ्या.

एक्स्पोत नवे बूट घ्या, पण रविवारी घालू नका. मोज्यांनाही हाच नियम. बिब मिळाल्या मिळाल्या तीन गोष्टी तपासा : नाव, गट, आणि मागची टायमिंग चिप. चिप बिबच्या पाठीला चिकटवलेली असते. तो भाग दुमडला, कंबरपट्ट्याखाली दाबला किंवा जॅकेटने झाकला तर रस्त्यावर अंथरलेल्या, वेळ टिपणाऱ्या मॅटवर नोंद हुकू शकते. बिब छातीवर, चार कोपऱ्यांना चार पिना. पिना रात्रीच टी-शर्टला लावून ठेवा. पहाटे तीन वाजता अर्धवट झोपेत टोचून घेण्यात मजा नसते.

शनिवारचं पोट

ही शर्यत संक्रांतीच्या पाठोपाठ येते ही एक गोड अडचण आहे. घरोघरी तिळाच्या वड्या, गूळपोळी, आणि भोगीची ती वांगं-वालपापडी-हरभरा-गाजराची भाजी बाजरीच्या भाकरीबरोबर. भोगीची भाजी बहुतेक वर्षी शर्यतीच्या काही दिवस आधी येते, तेव्हा खुशाल खा. शुक्रवारपासून मात्र तंतुमय आणि तुपकट जिन्नस आवरते घ्या. तीळ, हरभरा, बाजरी पोटात रेंगाळतात आणि पहाटे पाचला शौचालयाच्या रांगेत त्याचा पत्ता लागतो. एखादी वडी चालेल, डबा संपवू नका.

शनिवारी दुपारचं जेवण मोठं ठेवा आणि रात्रीचं हलकं, सात-साडेसातच्या आत. वरण-भात, मऊ मुगाची खिचडी, दहीभात यांपैकी जे नेहमी पचतं ते. मिसळ, पावभाजी, मोहम्मद अली रोड हे सगळं रविवार दुपारनंतर. पाणी दिवसभर घोट घोट. झोपताना लिटरभर ढोसलं तर रात्री दोनदा उठावं लागेल, दुसरं काही होणार नाही.

पहाटे उठल्यावर, म्हणजे सुटण्याच्या अडीच-तीन तास आधी, दोन-तीन पाव जॅम लावून किंवा एक केळं आणि दोन पाव, नेहमी घेत असाल तर चहा. लांब सरावाच्या दिवशी जे खाऊन पळलात तेच. पोहे-उपमा खाऊन पळणारे आहेत, पण त्यांनी तो प्रयोग आधी पाच-सहा वेळा केलेला असतो.

पहाटे पोचणं

बहुतेक वर्षी मध्य आणि पश्चिम रेल्वे या दिवशी पहाटे तीनच्या आसपास खास लोकल सोडतात. मध्यवर कल्याणकडून, हार्बरवर पनवेलकडून आणि पश्चिमेवर विरार-बोरिवलीकडून. शर्यतीच्या दोन-चार दिवस आधी त्यांच्या वेळा जाहीर होतात. सगळ्या स्टेशनांवर थांबत असल्याने त्या फास्ट नसतात, हे गणितात धरा. कल्याण-सीएसएमटी स्लो लोकलला सव्वा ते दीड तास लागतो. मेट्रोची नेहमीची पहिली गाडी सकाळी सहाच्या सुमारास निघते. त्या दिवसासाठी जादा फेऱ्या जाहीर झाल्या तर ठीक, नाहीतर पाचला धावणाऱ्याला मेट्रोचा उपयोग नाही. तिचा खरा फायदा बघणाऱ्याला.

सुटण्याच्या किमान ७५ मिनिटं आधी स्टेशनात उतरायचं, असं मागे मोजत या. त्यातली वाटणी साधारण अशी : स्टेशनातून गेटपर्यंत १५ मिनिटं, सामानाच्या काउंटरवर १०, शौचालयाच्या रांगेत २०, आपल्या गटाच्या जागेत शिरायला १०, उरलेली २० मिनिटं गडबडीसाठी. गडबड होतेच. माहीमला उतरणाऱ्याला रेती बंदरापर्यंत साधारण किलोमीटरभर चालावं लागतं, अंधारात. एकट्याने उतरलात तर बिब लावलेल्या घोळक्यामागे जा, पण तो घोळका अर्ध मॅरेथॉनचाच आहे ना ते विचारून घ्या.

सामानाच्या पिशवीत टाकायच्या वस्तू : कोरडा टी-शर्ट, चप्पल, छोटा पंचा, दोनशे रुपये सुटे, परतीचं तिकीट किंवा पास, चिक्की. फोन टाकायचा की सोबत ठेवायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. टाकणार असाल तर शेवटच्या मिनिटापर्यंत तो हातात ठेवू नका, काउंटर सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होतात. पिशवीवर बिबचा नंबर लावायचा विसरला तर दुपारी शेकडो सारख्या पिशव्यांच्या ढिगासमोर उभं राहावं लागतं.

अंगावर जुना शर्ट घालून या. जानेवारीत पहाटे १६-१८ अंश असतं. मुंबईकराला ती थंडी वाटते, विदर्भातून आलेला हसतो. तो शर्ट सुटताना काढून बाजूला ठेवता येतो. काखा, मांड्यांच्या आतल्या बाजू, पुरुषांनी छातीवर आणि बायकांनी स्पोर्ट्‌स ब्राच्या कडांखाली व्हॅसलीन चोपडा, हात आखडू नका. दमट हवेत घाम वाळत नाही, मिठाचे कण साचतात आणि तिसऱ्या तासाला कातडी सोलवटते. आंघोळीचं पाणी अंगावर पडेपर्यंत ते कळतही नाही.

अंधार, पूल आणि पेडर रोड

जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पाचला सुटलात तर पहिले सव्वादोन तास अंधाराचे किंवा झुंजुमुंजूचे. हेच तास सोन्याचे. आठनंतर ऊन चढतं, दुपारी पारा तिशीवर जातो आणि आर्द्रता आधीच ठाण मांडून असते. म्हणून इथे ‘पहिला अर्धा भाग सावकाश, दुसरा जोरात’ हे पुस्तकी सूत्र बहुतेकांना झेपत नाही. पहिला अर्धा भाग बेतशीर आणि दुसऱ्यात सात-दहा मिनिटांची घसरण आधीच धरलेली, हे जास्त प्रामाणिक. थंड गावात सराव केलेल्याने आपल्या ध्येयाच्या वेळेत आणखी थोडी भर घालावी. जानेवारीत हवाही धुरकट असते. दमा असेल तर इनहेलर सामानात टाकू नका, खिशात ठेवा.

वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये सुरू झाला, ५.६ किलोमीटर लांब. एरवी तिथे पायी जाता येत नाही, त्यामुळे फोटोसाठी सगळ्यांचे पाय थबकतात. थांबायचं तर आधी हात वर करून कडेला या. मधेच थांबलेल्या माणसावर मागचा आदळतो, हा या पुलावरचा ठरलेला अपघात. पुलावर प्रेक्षक नसतात, बाजूने वारा असतो आणि जीपीएस घड्याळ कधीकधी पेस वेडावाकडा दाखवतं. तिथे घड्याळापेक्षा किलोमीटरच्या पाट्यांवर भरवसा ठेवा.

पेडर रोडचं अधिकृत नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, पण त्या चढाला कुणी त्या नावाने शिव्या देत नाही. परतीच्या वाटेवर हाजी अली मागे पडलं की रस्ता वर जायला लागतो, जसलोक रुग्णालय येतं, प्रभुकुंज येतं आणि केम्प्स कॉर्नरकडे उतार लागतो. चढ उंचीने मोठा नाही. पुण्याच्या पर्वतीपुढे तर तो काहीच नाही. तो त्रास देतो त्याच्या जागेमुळे. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हाजी अलीपासून शेवट ढोबळमानाने आठ किलोमीटर राहतो, म्हणजे शरीरातला ग्लायकोजेन (स्नायूंत साठवलेली साखर) संपण्याची आणि ऊन चढण्याची वेळ नेमकी इथे गाठ घालते.

चढावर पेस सांभाळायला जाऊ नका, श्वास सांभाळा. पावलं आखूड, हात थोडे खाली, नजर पुढच्या दहा मीटरवर. किलोमीटरला वीस-तीस सेकंद गेले तर जाऊ द्या. चालायचं ठरवलं तर पायात गोळा येण्याची वाट न बघता आधीच चालायला लागा, साठ पावलं चालणं आणि शंभर पावलं पळणं असं. केम्प्स कॉर्नरच्या उतारावर गेलेली सेकंदं वसूल करायचा मोह होतो. तिथे मांड्यांचे पुढचे स्नायू ब्रेक मारत असतात आणि गिरगाव चौपाटीला पोचताच ते ताठरतात. उतारावर फक्त सैल सुटा.

आणि मग मरीन ड्राइव्ह. लोक ज्याची वाट बघत असतात तो हा तुकडा पायांना सर्वांत लांब वाटतो. समोर सगळी कमान एकदम दिसते आणि नरिमन पॉइंटच्या इमारती जागच्या हलत नाहीत. शेवट कुठे दिसतोय ते शोधू नका, एका दिव्याच्या खांबापासून चौथ्या खांबापर्यंत एवढंच मोजा.

पाणी, मीठ, साखर

दर पाण्याच्या टेबलावर दोन-तीन घोट, तहान असेल तर जास्त. पण भीतीपोटी प्रत्येक ठिकाणी बाटली रिकामी करू नका. चार-पाच तास नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजणं, मळमळ, डोकं जड होणं ही त्याची लक्षणं, आणि लोक नेमकं तेव्हा आणखी पाणी पाजतात.

ओआरएस सोबत नेणाऱ्यांची नेहमीची चूक मिश्रणाची. इलेक्ट्रालची २१.८ ग्रॅमची पुडी एका लिटर पाण्यासाठी असते. ती सबंध पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली तर द्रावण दुप्पट दाट होतं, आतड्यात पाणी ओढून घेतं आणि पोट बिघडतं. अर्ध्या लिटरची बाटली तर अर्धी पुडी.

दीड तासापेक्षा जास्त पळणाऱ्याला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका जेलमध्ये (पळताना चोखायच्या दाट साखरेच्या पुडीत) साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे दर ४० मिनिटांनी एक. पहिलं जेल भूक लागायच्या आधी, पाण्याच्या टेबलापूर्वी शंभर मीटरवर उघडा आणि मग पाणी. जेलवर एनर्जी ड्रिंक घेतलं की पोटात साखरेचा पाक होतो. रस्त्याकडेला लोक संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ, कधी चिक्की घेऊन उभे असतात. संत्रं-मीठ घ्या, चिक्की दातात ठेवून धावू नका.

बघणाऱ्यांचा बेत

आधी एक सोपी आकडेमोड. पाच तासांत पूर्ण किंवा अडीच तासांत अर्ध मॅरेथॉन करणाऱ्याचा पेस एकच पडतो, किलोमीटरला ७ मिनिटं ७ सेकंद. सुरुवातीच्या रेषेपर्यंत सरकायला पाच-दहा मिनिटं जातात. म्हणजे पाचला सुटलेला अर्ध मॅरेथॉनवाला पावणेआठच्या आत संपवतो. ‘रविवार आहे, नऊला निघू’ म्हणणारं कुटुंब पोचेपर्यंत तो मेडल घालून वडापाव खात असतो. पूर्णवाल्याचं गणित असं : पाच वाजून आठ मिनिटांनी रेषा ओलांडली, हाजी अलीला ३४ किलोमीटर झाले असं धरलं तर साधारण ९:१० ते ९:२५, चौपाटीला ९:३५ ते ९:५५, शेवट १०:१० ते १०:३०. वेळा अशा सैल ठेवल्यात त्या उन्हासाठी.

आता जागा. पश्चिम रेल्वे आणि मेट्रो ३ या दोन्ही मार्गाला जवळजवळ समांतर जातात, आणि हीच मुंबईची खरी सोय आहे. शिवाजी पार्कला दादर, सिद्धिविनायकला त्याच नावाचं मेट्रो स्टेशन, हाजी अलीला महालक्ष्मी, चौपाटीला चर्नी रोड, मरीन ड्राइव्हला मरीन लाइन्स आणि चर्चगेट. महालक्ष्मी, चर्नी रोड, मरीन लाइन्सला फास्ट थांबत नाही, इंडिकेटरवर स्लो बघूनच चढा.

एकाच धावपटूला दोनदा बघायचं तर दोन जागांत त्याचे किमान नऊ-दहा किलोमीटर असावेत. हाजी अली आणि चौपाटी ही जोडी सगळ्यांना सुचते आणि हमखास फसते. हाजी अलीहून महालक्ष्मी स्टेशन पंधरा-अठरा मिनिटं चालत, गाडीची वाट पाच मिनिटं, चर्नी रोड दहा मिनिटं, पुन्हा पाच मिनिटं पायी. झाली अडतीस. धावपटूला लागतात पंचवीस-तीस. तो पुढे निघून जातो. त्याऐवजी शिवाजी पार्क आणि चौपाटी धरा. त्याला सत्तरेक मिनिटं लागतात, तुम्हाला दादरपर्यंत चालून आणि स्लो पकडून पन्नास. सिद्धिविनायकहून मेट्रोने गिरगाव आणि तिथून दहा-बारा मिनिटं चालत, हेही जमतं.

धावपटूला आधी सांगून ठेवा : समुद्राच्या बाजूला की इमारतींच्या, कोणत्या दुकानासमोर, अंगात कोणत्या रंगाचं काय. हजारो लोकांत तुम्ही त्याला शोधणं अवघड, त्याने तुम्हाला शोधणं सोपं. भडक पिवळी छत्री बंद करून वर धरली तरी पुरे. अॅपवरचं लाइव्ह ट्रॅकिंग टायमिंग मॅटवरच्या नोंदीवर चालतं. दोन मॅटच्या मधला ठिपका हा निव्वळ अंदाज असतो, आणि गर्दीत नेटवर्क अडकलं की तोही थिजतो.

ओरडायचंच तर नाव घेऊन ओरडा, नाव बिबवर छापलेलं असतं. ‘थोडंच राहिलं’ हे वाक्य पेडर रोडवर उच्चारू नका. तिथे आठ किलोमीटर राहिलेले असतात आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं. बाटलीची झाकणं आणि संत्र्याच्या साली रस्त्यावर पडू देऊ नका, थकलेल्या पायाखाली त्या घसरतात. एलिट बघायचे असतील तर सकाळी साडेआठ ते साडेनऊ मरीन ड्राइव्हची परतीची बाजू धरा. २०२३ मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीने इथे २:०७:३२ अशी वेळ दिली, म्हणजे किलोमीटरला जेमतेम तीन मिनिटं. फोन काढून कॅमेरा उघडेपर्यंत ते गेलेले असतात.

संपल्यावर

शेवटच्या रेषेजवळ नातेवाइकांना सोडत नाहीत, आणि ‘सीएसएमटीबाहेर भेटू’ हा पत्ताच नव्हे. चर्चगेटच्या इंडिकेटरखाली, किंवा ओव्हल मैदानाच्या ठरावीक फाटकाशी, आणि ‘संपल्यावर पाऊण तासाने’ अशी वेळ ठरवा. फोन लागेलच असं नाही. रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं हळू चालत राहा. पाय एकदम थांबले की रक्त खालीच साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. कुणी गोंधळून बोलतंय, अंग तापलंय आणि पाऊल सरळ पडत नाहीये असं दिसलं तर मसाजच्या तंबूत नेऊ नका, थेट वैद्यकीय कक्षात न्या. तोवर सावली, डोक्या-मानेवर पाणी, बर्फ.

खायला सीएसएमटीसमोर आरामचा वडापाव आहे, मेट्रो सिनेमाजवळ कयानीचा ब्रून मस्का आहे, आणि पायात त्राण असेल तर गिरगावात विनयची मिसळ. पहिल्या अर्ध्या तासात मात्र केळं किंवा ताक असं काही साधं पोटात जाऊ द्या, तिखटाला घाई नको.

घरी जाताना एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. तो बहुतेक वेळा सकाळी अकराच्या सुमारास लागतो आणि दुपारी चारपर्यंत चालतो. कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारी जाहीर होतं. तुमच्या लाइनवर असेल तर एकतर अकराच्या आत निघा, नाहीतर सरळ जेवून, सावलीत पाय पसरून चारनंतर निघा. गाडी सीएसएमटी किंवा चर्चगेटहूनच धरा, तिथे सुटणारी रिकामी लोकल मिळते आणि चौथ्या सीटवर का होईना टेकता येतं. दादरला गाडी बदलायची वेळ येऊ देऊ नका. मांड्या भरून आल्यावर जिना चढणं जमतं, उतरणं जमत नाही. पुलावरून उतरायचंच झालं तर कठडा धरून, आडवं, एकेक पायरी, आणि मागच्या गर्दीला खुशाल पुढे जाऊ द्या.